मिनेसोटा वाइल्ड, २०१२ची टाळेबंदी आणि मालकावरचा राग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाची तिथल्या जुन्या हॉकीवेड्यांशी ओळख वाढली की कधी ना कधी २०१२चा विषय निघतोच. त्या वर्षी त्यांच्या ‘मिनेसोटा वाइल्ड’ या हॉकी संघाच्या मालकाने जुलै महिन्यात त्यांना आयुष्यभर लक्षात राहील असा आनंद दिला आणि सप्टेंबरात दाराला कुलूप लावलं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. म्हणूनच तो राग समजावून सांगायला जरा वेळ लागतो.

ही हॉकी म्हणजे आपली हॉकी का?

नाही, ही बर्फावरची. अमेरिका-कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की हीच. एनएचएल ही तिची सर्वांत मोठी लीग. २०१२ साली तिच्यात ३० संघ होते आणि प्रत्येक संघ एका हंगामात ८२ सामने खेळायचा. मिनेसोटा स्वतःला ‘हॉकीचं राज्य’ म्हणवतं. तिथे हिवाळ्यात तळी गोठली की पोरं स्केट बांधून बाहेर पडतात. मार्चमध्ये शाळांची राज्य स्पर्धा भरते तेव्हा सेंट पॉलचं व्यावसायिक स्टेडियम शाळकरी मुलांच्या सामन्यांना भरून जातं. हे माहीत नसेल तर पुढचं सगळं अतिरेकी वाटेल.

खेळाडूंनी संप केला होता ना?

नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. ती टाळेबंदी होती.

२०२० पासून मराठीत ‘टाळेबंदी’ म्हटलं की करोना आठवतो. पण शब्दाचा जुना अर्थ वेगळा: कामगार कामावर यायला तयार असताना मालकाने दाराला टाळं लावणं. गिरणगावात वाढलेल्यांना हा फरक सांगावा लागणार नाही. मुंबईत १९८२ साली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार स्वतःहून बाहेर पडले, तो संप. इथे उलट झालं. नवा करार होईपर्यंत जुन्याच करारावर खेळत राहू, असं खेळाडूंची संघटना आणि तिचे नेते डोनाल्ड फेअर सांगत होते. मालकांना ते मान्य नव्हतं. १३ सप्टेंबर २०१२ला मालकांच्या मंडळाने एकमताने निर्णय घेतला आणि १५ सप्टेंबरच्या मध्यरात्री जुना करार संपताच कुलूप पडलं.

तिथल्या बोलण्यात आजही कुणी सहज ‘स्ट्राइक’ म्हणून जातं, आणि शेजारचा जाणकार चाहता लगेच दुरुस्ती करतो. त्याला शब्दाचा कीस काढायचा नसतो. दार कुणी लावलं हे विसरलं जाऊ नये, एवढंच त्याला हवं असतं.

शिवाय मिनेसोटाला हा शब्द त्या वर्षी परका नव्हता. राज्याच्या वायव्येला, रेड नदीच्या खोऱ्यातल्या बीट साखरेच्या कारखान्यांत सुमारे १३०० कामगार ऑगस्ट २०११ पासून दाराबाहेर होते. ऑक्टोबर २०१२मध्ये मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या वादकांनाही व्यवस्थापनाने बाहेर ठेवलं. ती टाळेबंदी जानेवारी २०१४ पर्यंत चालली. सेंट पॉलच्या चेंबर ऑर्केस्ट्राचंही त्याच महिन्यात तसंच झालं. साखर, संगीत आणि हॉकी, तिन्हींना एकाच शरद ऋतूत टाळं होतं.

भांडण कशावरून होतं?

वाट्यावरून. २०११-१२मध्ये लीगचं उत्पन्न सुमारे ३३० कोटी डॉलर होतं आणि त्यातला ५७ टक्के हिस्सा खेळाडूंकडे जायचा. मालकांनी जुलै २०१२मध्ये पहिला प्रस्ताव ठेवला तो ४३ टक्क्यांचा. कुठलाही करार ५ वर्षांपेक्षा लांब नसावा, असंही त्यात होतं. आधीच सह्या झालेल्या करारांचे पैसे पूर्ण मिळणार की नाहीत, हा तिसरा आणि सर्वांत कडवट मुद्दा. शेवटी वाटणी निम्मी-निम्मी झाली. ३३० कोटींवरचे ७ टक्के म्हणजे साधारण २३ कोटी डॉलर. ओढाताण होती ती एवढ्या रकमेची, दरवर्षी.

मिनेसोटाचा मालक कोण? राग नेमका त्याच्यावर का?

क्रेग लायपोल्ड. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातले उद्योजक. आधी नॅशव्हिल प्रेडेटर्स या दुसऱ्या एनएचएल संघाचे मालक होते; २००८ साली त्यांनी मिनेसोटा वाइल्ड घेतला.

तारखा ओळीने लावल्या की राग आपोआप समजतो. २०१२च्या वसंतात लायपोल्ड यांनी जाहीरपणे सांगितलं की संघ पैसे कमावत नाही आणि सर्वांत मोठा खर्च खेळाडूंच्या पगाराचा आहे. संघ चार वर्षं प्लेऑफला पोहोचला नव्हता. मग उजाडला ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. लायपोल्ड यांनी झॅक परीसे आणि रायन सूटर या बाजारातल्या सर्वांत मोठ्या दोन खेळाडूंशी एकाच दिवशी करार केले. प्रत्येकी १३ वर्षं, प्रत्येकी ९.८ कोटी डॉलर. परीसे मिनेसोटाचाच मुलगा, त्याचे वडील इथल्या जुन्या संघाचे खेळाडू. सूटर विस्कॉन्सिनचा, पण सासुरवाडी इथलीच. दोन घरचीच मुलं परत येत होती. हंगामी तिकिटांच्या मागणीने उसळी घेतली. लायपोल्ड त्या दिवशी निवडणुकीला उभे राहिले असते तर बिनविरोध आले असते.

त्यानंतर एकाहत्तर दिवसांनी टाळेबंदीसाठी एकमताचं मतदान झालं. एकमताने, म्हणजे त्यात तेही आले. आणि मालकांच्या मागण्यांत काय होतं? करार ५ वर्षांचे करा आणि जुन्या करारांतला खेळाडूंचा वाटा कमी करा. तेरा वर्षांच्या करारावरची शाई वाळायच्या आत.

याबद्दल सर्वांत थेट बोलला तो स्वतः सूटर. देणं झेपत नसेल तर सह्या करायला नको होत्या. दोन महिन्यांपूर्वी सगळं ठीक होतं आणि आता आधी ठरलेल्यातलेच पैसे परत मागतात, अशा अर्थाचं तो बोलला. चाहत्यांच्या मनातलंच होतं ते. त्यांचं म्हणणंही हेच: पैसा नव्हता तर जुलैत कुठून आला, आणि होता तर सप्टेंबरात कुठे गेला?

पण त्यात मालकाचं चुकलं काय? नियमात बसलं ते केलं.

हा प्रश्न खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. बाजाराचे नियम मोडके असतील तरी ते बदलेपर्यंत खेळायचं त्याच नियमांनी. त्या दोघांना लायपोल्ड यांनी घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी तेवढ्याच पैशांत घेतलं असतं, आणि मिनेसोटाचे चाहते ‘आमचा मालक कंजूस’ म्हणून चिडले असते. लीगमध्ये ३० मालक असतात; एकाने हात आखडता घेतला तर बाकीचे घेत नाहीत. म्हणून सगळ्यांना एकत्र बांधणारा नियम हवा, हा मालकांचा युक्तिवाद तर्काला धरून आहे.

तरीही माझ्या मते चाहत्यांचा राग रास्त होता. कारण तो हिशेबाबद्दल नव्हता, शब्दाबद्दल होता. करार म्हणजे दिलेला शब्द. जुलैतला शब्द ऐकून लोकांनी हंगामभराची तिकिटं काढली, मुलांसाठी नव्या नावांच्या जर्सी घेतल्या. त्या शब्दाची किंमत देणाऱ्यानेच दोन महिन्यांत कमी केली, तर ऐकणाऱ्याला फसल्यासारखं वाटणारच.

खेळाडूही कोट्यधीशच. त्यांच्यावर राग का नाही?

होता की. ‘लक्षाधीश आणि अब्जाधीश भांडतात, आम्ही मधल्यामध्ये’ हे वाक्य त्या हिवाळ्यात सगळीकडे ऐकू यायचं. खेळाडू युरोपात खेळायला गेले तेव्हाही काही जण नाराज झाले; वाइल्डचा कर्णधार मिक्को कोइवू फिनलंडमधल्या तुर्कू शहरात, आपल्या जुन्या संघाकडून खेळत होता.

पण दोन्ही रागांची जात वेगळी. खेळाडूची कारकीर्द लहान असते. एक हंगाम गेला तर त्याच्या आयुष्यातला मोठा तुकडा गेला, हे चाहत्याला दिसतं. शिवाय खेळाडू खेळताना दिसतो, पडतो, दात गमावतो, पुन्हा उठतो. मालक काचेच्या कक्षात बसलेला असतो. कुलपाची किल्ली मात्र त्याच्याकडे.

जुनी माणसं मध्येच ‘नॉर्म ग्रीन’ असं कुणाचं तरी नाव काढतात. ते कोण?

हे नाव कळल्याशिवाय मिनेसोटाचा चाहता कळत नाही.

वाइल्डच्या आधी इथे नॉर्थ स्टार्स नावाचा संघ होता, १९६७ पासून. ब्लूमिंग्टनच्या मेट सेंटरमध्ये खेळायचा. १९९० साली कॅलगरीचे बांधकाम व्यावसायिक नॉर्म ग्रीन यांनी तो घेतला. १९९१मध्ये संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला, पिट्सबर्गकडून हरला, पण सगळं राज्य त्याच्या मागे उभं होतं. आणि १९९३ साली ग्रीन यांनी संघ उचलून टेक्ससमध्ये डॅलसला नेला. प्रेक्षकांनी त्यांच्या नावाने एक शिवराळ घोषणा तयार केली होती. संघ गेल्यावर ती विझली नाही. डॅलसचा संघ सेंट पॉलला खेळायला आला की पुढेही अनेक वर्षं ती घुमत राहिली. ज्यांनी नॉर्थ स्टार्सचा एकही सामना पाहिला नव्हता अशी मुलंसुद्धा ती द्यायची, वडिलांकडून शिकलेली. १९९९ साली डॅलसने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, तेव्हा मिनेसोटातल्या कित्येक घरांत टीव्ही बंद झाला असेल.

सात हिवाळे हे राज्य एनएचएलविना राहिलं. २००० साली वाइल्ड आला, सेंट पॉलला शहराच्या आणि राज्याच्या मदतीने नवं स्टेडियम उभं राहिलं, आणि पहिल्याच हंगामात संघाने १ नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. कुणा खेळाडूच्या नावाने नाही, चाहत्यांच्या नावाने. छताला तो झेंडा टांगला. पुढे सलग ४०९ सामने सगळी तिकिटं विकली गेली.

आता २०१२ पाहा. ज्या छताला ‘आमचा पहिला खेळाडू म्हणजे तुम्ही’ असं सांगणारा झेंडा लटकतो, त्याच छताखालचं दार बंद. बॉस्टन किंवा डेट्रॉइटच्या चाहत्याला टाळेबंदीत फक्त सामने गेल्याचं दुःख होतं. मिनेसोटाच्या चाहत्याला त्यामागे जुनी भीती असते: मालक नावाच्या माणसाच्या मनात आलं तर सगळंच जाऊ शकतं. म्हणून तो लायपोल्ड यांच्यावर चिडतोही आणि फार ताणायलाही घाबरतो. संघ हलवण्याचा विषय त्या वेळी नव्हता. पण ज्याचं घर एकदा जळलंय, त्याला शेजारी कुणी शेकोटी पेटवली तरी झोप लागत नाही.

मालक तेव्हा समोर येऊन काही बोलले का नाहीत?

लीगने तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं. सप्टेंबर २०१२मध्ये डेट्रॉइटच्या संघाचे ज्येष्ठ पदाधिकारी जिमी डेव्हेलानो एका मुलाखतीत बोलून गेले की मालक म्हणजे कुरण आणि खेळाडू, आपल्यासकट, म्हणजे त्यातली गुरं. लीगने डेट्रॉइटला अडीच लाख डॉलर दंड केला. त्यानंतर बोलणार कोण? बोलायचे ते लीगचे आयुक्त गॅरी बेटमन, आणि त्यांच्या तोंडून निघायची ती वकिली भाषा.

या गप्प बसण्याने फार नुकसान केलं असं मला वाटतं. ज्या माणसाने जुलैत कॅमेऱ्यासमोर हसत दोन जर्सी धरल्या, त्याने ऑक्टोबरात ‘मला वाईट वाटतंय’ एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळांचा राग निवळला असता.

सगळा दोष बेटमन यांचाच नव्हता का?

१९९३ पासून ते आयुक्त आहेत आणि १९९४-९५, २००४-०५, २०१२-१३ या तिन्ही टाळेबंद्या त्यांच्याच काळातल्या. २००४-०५चा तर अख्खा हंगाम बुडाला, १२३० सामने. स्टॅन्ली कप कुणालाच दिला गेला नाही. त्यामुळे कप द्यायला ते बर्फावर आले की प्रेक्षक हुर्यो उडवतात. पण आयुक्त नेमतात मालक. चाहत्यांचा राग बेटमन यांनी झेलावा हासुद्धा त्यांच्या नोकरीचाच भाग आहे, असं कित्येक चाहते मानतात आणि म्हणूनच मालकाला सोडायला तयार होत नाहीत.

इतर शहरांतही आपापल्या मालकावर असाच राग होता का?

नाही. प्रत्येक गावाचं मालकाशी नातं निराळं.

बॉस्टनमध्ये तो सर्वांत कडवा होता. जेरेमी जेकब्स १९७५ पासून ब्रुइन्सचे मालक, मालकांच्या मंडळाचे अध्यक्ष आणि कडक भूमिकेचा चेहरा. त्यांचा मूळ धंदा स्टेडियममधल्या खाण्यापिण्याच्या विक्रीचा, कुटुंब बफेलोचं. २०११मध्ये संघाने कप जिंकला होता, तरी ‘हा आमच्या गावचा नाही’ ही जुनी अढी टाळेबंदीत पुन्हा वर आली.

विनिपेगमध्ये उलट. तिथला संघ १९९६ साली गेला होता आणि २०११मध्ये मार्क चिपमन व डेव्हिड थॉमसन यांनी अटलांटाचा संघ विकत घेऊन गावाला परत हॉकी दिली. परत आलेल्या हॉकीच्या दुसऱ्याच वर्षी दार बंद झालं. लोक हळहळले, पण ज्यांनी संघ आणला त्यांना शिव्या द्यायला जीभ सहज वळत नव्हती.

आणि फीनिक्स. २००९मध्ये दिवाळखोरीनंतर तो संघ लीगनेच घेतला होता, २०१२मध्येही लीगकडेच होता. तिथल्या चाहत्याला रागवायला स्वतःचा मालकच नव्हता. मला त्या लोकांचं सर्वांत वाईट वाटतं.

सर्वांत जास्त झळ कुणाला बसली?

तासाच्या हिशेबाने पगार घेणाऱ्यांना. स्टेडियममधले तिकीट तपासनीस, खाण्याच्या गाळ्यांवरचे लोक, सफाई कामगार, आणि बाहेर वेस्ट सेव्हन्थ रस्त्यावरच्या बार-हॉटेलांतले वाढपी. सेंट पॉलचे घरचे १७ सामने गेले. सामन्याच्या रात्री त्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते; त्या रात्री गेल्या की महिन्याचं भाडं हलतं. २३ कोटींच्या वादात यांचं नाव कुठल्याच बाजूच्या प्रस्तावात नव्हतं.

चाहत्यांनी काही केलं की नुसतेच चिडले?

केलं. २१ डिसेंबरनंतर जितके सामने रद्द होतील तितक्या सामन्यांवर आपणही बहिष्कार घालायचा, अशी शपथ घेणारी मोहीम चालली. मिनेसोटात बरेच जण विद्यापीठाच्या आणि शाळांच्या सामन्यांकडे वळले. हॉकी पाहायला एनएचएलच लागते असं तिथे कुणी मानत नाही. वाइल्डचे तरुण खेळाडू, मिकाएल ग्रानलुंड, योनास ब्रोदिन, चार्ली कॉइल, त्या काळात ह्यूस्टनच्या दुय्यम संघात खेळत होते. काही जण त्यांचे निकाल रोज बघायचे. घरच्यांवर रागावलेला माणूस जेवायला बसत नाही, पण स्वयंपाकघरात काय शिजतंय ते बघून येतो, तसं.

टाळेबंदी संपली कशी?

६ जानेवारी २०१३च्या पहाटे, न्यूयॉर्कमध्ये, १६ तासांच्या बैठकीनंतर. सरकारी मध्यस्थ स्कॉट बेकनबॉ यांनी दोन्ही बाजूंमध्ये अक्षरशः येरझाऱ्या घातल्या. उत्पन्नाची वाटणी निम्मी, जुन्या करारांच्या भरपाईसाठी ३० कोटी डॉलर, नवे करार स्वतःच्या खेळाडूशी जास्तीत जास्त ८ वर्षांचे आणि बाहेरच्याशी ७ वर्षांचे. ५१० सामने बुडाले, ४८ सामन्यांचा हंगाम १९ जानेवारीला सुरू झाला. बेटमन यांनी चाहत्यांची जाहीर माफी मागितली.

लोक परत आले. मग राग खोटाच होता ना?

हा प्रश्न अनेकदा हिणवून विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

१९ जानेवारीला सेंट पॉलचं स्टेडियम भरगच्च होतं. वाइल्डने कोलोराडोला ४-२ असं हरवलं. परीसे आणि सूटर पहिल्यांदा हिरव्या-लाल जर्सीत उतरले तेव्हा जो आवाज उठला त्यात राग शोधूनही सापडला नसता. यावरून मालकांनी निष्कर्ष काढला की चाहता कुठे जात नाही. निष्कर्ष चुकीचा नाही, पण त्याचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला.

चाहता परत येतो तो मालकाकडे नाही. तो येतो शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे, ज्याच्याशी त्याची भेट फक्त सामन्यालाच होते. तो येतो वडिलांच्या आठवणीकडे, मुलीच्या पहिल्या सामन्याकडे. ते सगळं ज्या इमारतीत आहे तिच्या किल्ल्या दुसऱ्याकडे आहेत, हेच तर त्याचं दुखणं. आपण सात वर्षं हॉकीविना काढली आहेत, हे ज्या गावाला आठवतं, त्याने बहिष्कार टाकून मालकाला धडा शिकवावा ही अपेक्षा क्रूर आहे. राग खरा होता. त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी होतं, इतकंच.

त्या दोन करारांचं पुढे काय झालं?

त्याच वर्षी वाइल्ड प्लेऑफला गेला आणि सलग सहा वर्षं जात राहिला. पण दुसऱ्या फेरीपलीकडे एकदाही नाही. जुलै २०२१मध्ये संघाने दोघांचेही करार पैसे देऊन मोडले. २०१३च्या नव्या कामगार-करारात अशा लांब करारांना शिक्षा करणारी कलमं आली होती, आणि ती टाळायची तर दोघांना एकत्रच सोडणं संघाला सोयीचं होतं. तरी २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन हंगामांत संघाला पगारावर खर्च करता येणाऱ्या कमाल रकमेतले दरवर्षी १.४७ कोटी डॉलर, संघात नसलेल्या या दोन खेळाडूंच्या नावावर अडकून राहिले. ज्या नियमांसाठी मालकांनी हंगाम अडवला, त्यांचा एक मोठा फटका मिनेसोटालाच बसला.

आता लायपोल्ड यांच्याबद्दल लोकांना काय वाटतं?

पुष्कळ मवाळ झालेत. संघ इथेच राहिला, ते पैसा ओतत राहिले, आणि नॉर्म ग्रीन यांच्या गावात या दोन गोष्टींना मोल आहे. सप्टेंबर २०२५मध्ये त्यांनी किरिल कप्रिझोव्हशी ८ वर्षांचा, १३.६ कोटी डॉलरचा करार केला. लीगच्या इतिहासात तोवर एवढी रक्कम कुठल्याही करारात नव्हती. लोक पुन्हा नाचले. जुन्या चाहत्यांपैकी काहींनी मात्र आधी कामगार-कराराची तारीख तपासली असणार. मी तपासली.

मग पुढची टाळेबंदी कधी?

लीग आणि खेळाडूंनी जुलै २०२५मध्येच, वेळेच्या कितीतरी आधी, नवा करार ठरवला. तो सप्टेंबर २०२६मध्ये लागू होतो आणि १५ सप्टेंबर २०३०ला संपतो. म्हणजे निदान तोवर सेंट पॉलचं दार उघडं आहे.